मागच्या खोलीतली लाईन

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विजाताईचे यजमान ओमप्रकाश खोब्रागडे, हा दमलेला माणूस आहे. आज काम जास्त पडलं म्हणून दमलेला, असं नव्हे. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ते दमलेलेच आहेत. लग्नाच्या फोटोत पांढऱ्या साडीतली ताई कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि शेजारी भाऊजी डुलकी आवरताहेत. नाईट शिफ्ट करून सरळ लग्नाला आले होते म्हणे. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं, हा नवरदेव बोहल्यावर घोरणार. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.

भाऊजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. उमेदीची सगळी वर्षं पाळ्यांमध्ये गेली. या आठवड्यात सकाळची, पुढच्यात दुपारची, मग रात्रीची. शरीराला एका वेळेची सवय लागते न लागते तोच वेळ बदलायची. पोरं लहान होती तेव्हा त्या घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मी दुर्गहून, पद्मनाभपुरच्या माझ्या घरून, भाचरांसाठी पेरू घेऊन जायचो, तर सुमेध आणि उन्नती दोघंही दारात ओठावर बोट ठेवून उभी. "मामा, बाबा झोपले हायेत." मी म्हणायचो, "अरे, तुमचा बाप जागा कधी असतो ते सांगा, मी तेव्हा येईन." पोरं हसायची, तीही आवाज न करता. मला त्या हसण्याचं तेव्हाही वाईट वाटायचं.

निवृत्त झाल्यावर माणूस झोपून काढेल अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. उलटंच झालं. झोप कुठल्या पाळीत बसवायची हेच त्यांना समजेनासं झालं. खुर्चीत डोळा लागायचा आणि अंथरुणात टक्क जागे. चालणं हळू झालं, बोलणं त्याहून हळू. त्यात सुमेध नोकरीसाठी पुण्याला गेला, उन्नती हैदराबादला, आणि घरात ताई, भाऊजी आणि कोणी न वापरलेल्या खोल्या उरल्या.

ते घर मोठं मजेदार आहे. भिलाईतल्याच रुआबांध्यात जागा घेतली तेव्हा पुढची एकच खोली बांधली. मग हात मोकळा झाला तसं मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे आणखी एक खोली, आणि मागाहून सुमेधसाठी वर एक. त्यामुळे घर रुंदीला बेताचं आणि लांबीला संपता संपत नाही असं. भिंती इतक्या जाड की पुढून ताईने जेवायला हाक मारली तर मागे ऐकू जात नाही. मी भाऊजींना विचारलंही होतं, हे घर आहे की भट्टी? ते म्हणाले, "पक्कं काम हाय." त्यांच्या तोंडी याहून मोठं कौतुक नाही.

मागच्या वर्षी उन्नतीला कावीळ झाली आणि ती हैदराबादहून घरी आली. ती तिथे कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या कंपनीत आहे. बरी झाली तेव्हा कंपनीने तिला विचारलं, घरूनच काम करून पाहतेस का? दिवाळीपर्यंत सुरळीत चाललं तर पुढेही भिलाईतच राहा. नाही चाललं तर परत ऑफिसात यायचं. अट एकच होती. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी मीटिंग चालू असताना नेट तुटता कामा नये.

पोरगी कायमची घरी राहू शकते, ही केवढी बातमी! दुसऱ्या कोणाकडे पेढे वाटले असते. खोब्रागड्यांकडे ती रीत नाही. ताईने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. भाऊजींनी मान हलवली, थोडा वेळ भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "मागच्या खोलीत नेट येते का?"

येत नव्हतं. खांबावरून आलेली तार पुढच्या खिडकीतून आत शिरते, म्हणून नेटवाल्याने आपला डबा तिथेच भिंतीला ठोकला होता. राऊटर म्हणतात त्याला, पण ताईच्या घरी त्याचं नाव डबाच. पुढच्या खोलीत नेट धो धो, स्वयंपाकघरात थेंब थेंब आणि मागे कोरडा दुष्काळ. पुढच्या खोलीत बसून काम करावं तर तिथे टीव्ही, तिथेच भाऊजींची दिवसाची झोप आणि तिथेच ताईच्या विहारातल्या बायांची बैठक. उन्नतीला काम करायला मागचीच खोली हवी होती. भाऊजींनी ते आपलं काम मानलं. तिला राहायचं तर लाईन मागे पोचलीच पाहिजे, आणि लाईन पोचवणं हे तर त्यांनी जन्मभर केलेलं.

एका दुपारी मला सोबत घेऊन ते सिविक सेंटरच्या बाजारात गेले. दुकानदार पोरगेलासा पण बोलण्यात पक्का होता. त्याने समोर एक खोकं ठेवलं. आत एकसारखे तीन डबे.

"अंकल, एक ही कंपनी का, एक ही सेट लो. एक आगे, एक बीच में, एक पीछे. तीनों आपस में बात करेंगे, पूरे घर में एक ही नेटवर्क. इसको मेश बोलते हैं."

"एक मेरे पास घर में पड़ा है," भाऊजी म्हणाले. "मेरे लड़के का. आप दूसरा दे दो, दोनों को जोड़ लूँगा."

"मॉडल कौन सा है? अलग मॉडल जुड़ भी सकता है, नहीं भी. पुराना है तो समझो नहीं ही जुड़ेगा. फिर मेरे को मत बोलना."

भाऊजींनी एकच डबा घेतला. परतताना स्कूटरवर मी मागून कानात ओरडलो, की त्याचं ऐकायचं होतं, उगाच डोक्याला ताप कशाला? ते मान न वळवता म्हणाले, "रशियन मोटर, जर्मन पॅनल, आपली वायर. चालली नं कारखान्यातली मिल? मंग?"

मी म्हटलं, "मिलमध्ये तुमच्यासारखे शंभर जण होते. इथे तुम्ही एकटे."

"स्पेअर हाय तं टाकून कशाले द्यावं?" त्यांनी विषय संपवला.

तो स्पेअर म्हणजे सुमेध पुण्याला जाताना वरच्या खोलीत सोडून गेलेला डबा. पोरगा त्याच्या नेटवर रात्रंदिवस गेम खेळायचा आणि भाऊजींच्या शिव्या खायचा. तो गेल्यावर भाऊजींनी डबा पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला होता. मला आपलं वाटतं की पोराची वस्तू घरात चालू असावी एवढीच त्यांची इच्छा होती. पण ते त्यांना विचारून उपयोग नव्हता.

आणि मग जी साडेसाती सुरू झाली ती काही विचारू नका. नवा डबा आणि सुमेधचा डबा, दोघांवर नाव एकाच कंपनीचं. पण नव्याने जुन्याला ओळखच दाखवली नाही. मोबाईलवर त्याचं जे काही उघडतं तिथे जुना दिसेचना. उन्नतीने समजावलं, "बाबा, मॉडल अलग हाय नं. ये दोनों मेश में नहीं आएँगे." भाऊजी म्हणाले, "तं नको येऊ दे. वेगळे चालवू." त्यांनी नवा डबा स्वयंपाकघरात ठेवला, जुना मागच्या खोलीच्या दाराशी, आणि तिन्ही डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच देऊन टाकला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, घरभर एकच नेट.

दुसऱ्या दिवशी टीव्ही चाले तर फोन बंद, फोन चाले तर लॅपटॉप बंद. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर आपला एक नंबर लागतो आणि तो वाटण्याचं काम एकाच डब्याने करायचं असतं. इथे तिघेही वाटत सुटले होते. रेल्वेत एका बर्थचं तिकीट दोघांना दिलं की जे भांडण होतं, तेच. हे शोधून काढायला उन्नतीला आणि त्यांना कितीतरी दिवस लागले. वाटप पुढच्या डब्याकडे ठेवून बाकी दोघांचं बंद केलं तेव्हा ते भांडण मिटलं.

मग नवीनच दुखणं. उन्नती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातून खोलीत गेली की लॅपटॉप मागच्या डब्याला धरायचाच नाही. पुढच्याच डब्याचा मरतुकडा सिग्नल धरून बसायचा, आणि शेवटी तो सोडून जवळचा धरला की तेवढ्यात बोलणं तुटायचं. एका सेटमधले डबे म्हणे लॅपटॉपला एकमेकांच्या हवाली करतात. हे तीन घरचे तीन डबे, कोण कोणाच्या हवाली करणार? त्यातून मधला डबा पुढच्याकडून हवेतूनच सिग्नल ओढायचा आणि मागचा मधल्याकडून, म्हणजे मागे पोचेपर्यंत त्यात जीव उरत नसे. एका मीटिंगमध्ये उन्नतीचा चेहरा मधेच गोठला. पुन्हा एकदा आवाज गेला. तिच्या मॅनेजर बाईने गोड शब्दांत सांगितलं की आता असं होऊ नये, गिऱ्हाईक नाराज आहे.

भाऊजींची त्या दिवसांतली अवस्था मला बघवत नसे. जिन्याखालून शिडी काढायची, भर उन्हात गच्चीवर जायचं, डबा इथून तिथे, तिथून इथे. खाली आले की खुर्चीत बसायचे आणि हात मांडीवर तसेच पडून राहायचे. डोळे लाल. जेवताना घास हातात धरून थांबायचे. मी म्हटलं, "भाऊजी, तो सेट मी आणून देतो. माझ्याकडून भाचीला भेट समजा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्यांच्या घरात चोरीच केली आहे. माझाही पारा चढला. मी म्हटलं, "मरा मग त्या डब्यांसोबत!" आणि न जेवता निघालो. ताई फाटकापर्यंत मागे आली. "त्यायच्या मनावर घेऊ नको, प्रफुल. ते थकले हायेत." मी म्हटलं, "ताई, हे वाक्य मी तुझ्या लग्नापासून ऐकतोय."

उन्नतीवरही ते चिडायला लागले. एकदा माझ्यासमोरच खेकसले, "एका जागी बसून राह्य नं! किती फिरून राहिली तू?" पोरगी बिचारी बसलेलीच होती. तिने लॅपटॉप आणखी जवळ ओढून घेतला. ती घरात बोलायचीच कमी झाली होती. लाईन तुटली तरी सांगायची नाही. ताईने विचारलं तर म्हणायची, "ठीक चल रहा है." पुन्हा लहानपणासारखी ती आवाज न करता वावरत होती, आणि ते भाऊजींच्या लक्षात येत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष डब्यांच्या हिरव्या-लाल दिव्यांकडे.

तोडगा अखेर त्या सिविक सेंटरवाल्यानेच सांगितला. भाऊजी त्याच्याकडे इतक्यांदा गेले होते की तो त्यांना बघूनच पंखा सुरू करायचा. तो म्हणाला, "अंकल, बीच में तार डाल दो. तार से जोड़ोगे तो मॉडल कोई भी चलेगा." पुढच्या डब्यापासून मागच्या डब्यापर्यंत थेट तार न्यायची. मग मागच्याला हवेतून काही ओढावं लागत नाही. तो फक्त आलेलं नेट खोलीत पसरवतो, आणि शेजारचा डबा कोणत्या मॉडलचा आहे याच्याशी त्याला घेणंदेणं राहत नाही.

तार! हा शब्द ऐकून भाऊजींच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जीव आला. हवेतल्या भानगडी त्यांना परक्या होत्या. तार घरची होती. त्यांनी पुढच्या खोलीपासून मागपर्यंत भिंतीच्या कडेने अशी सुरेख तार नेली, खिळा न खिळा एका रेषेत, की मीसुद्धा खोड काढू शकलो नाही. आमचं भांडण तेव्हा आपोआप मिटलं होतं. फक्त टोकं जोडायची आणि पुढच्या डब्याचा विजेचा बोर्ड सरकवायचा राहिला होता. आणि ते सगळं उन्नतीच्या मोठ्या मीटिंगच्या आधी व्हायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी ती आपलं काम परदेशातल्या लोकांना स्क्रीनवर दाखवणार होती. ते पार पडलं की कंपनी तिला भिलाईत राहू देणार, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं.

इथे खोब्रागड्यांच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. कारखान्यात यंत्राला हात लावण्याआधी त्याची वीज बंद करतात आणि बंद केलेल्या स्विचवर आपल्या नावाचा टॅग अडकवतात. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी नाही, साहेबाने नाही, कोणीच नाही. भाऊजींनी ही पद्धत घरी आणली. साधा पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा तरी मिठाईच्या खोक्याचा तुकडा दोऱ्याने मेन बोर्डवर लटकायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, "काम चालू है. ओ. खोब्रागडे." पोरं चालायला लागली तेव्हापासून त्यांना हे ठाऊक. मी यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली आहे.

त्या दिवशी सकाळी भाऊजींनी पुढच्या खोलीची, म्हणजे नेटच्या डब्याचीही, वीज बंद केली, बोर्डवर टॅग अडकवला आणि कामाला लागले. थोड्या वेळाने लक्षात आलं की तारेच्या टोकांना लावायच्या क्लिपा खराब निघाल्या आहेत. स्कूटर काढली आणि सिविक सेंटरला गेले. मोबाईल स्वयंपाकघराच्या फळीवर राहिला. मी नेहमीसारखा जेवायला आलो होतो आणि ताईशी गप्पा मारत बसलो होतो. तेवढ्यात उन्नती मागच्या खोलीतून धावत आली.

"मामा, त्यायनं मीटिंग आत्ताच ठेवली. अभी के अभी. बाबा कुठी हायेत?"

"क्लिपा आणायला गेले," ताई म्हणाली. उन्नतीने फोन लावला आणि तो फळीवर वाजला.

मी उठलो. "अगं, त्यात काय एवढं? स्विच लावतो, डबा सुरू होतो, तू पुढच्या खोलीत बस." मी बोर्डकडे हात नेला आणि पोरीने माझं मनगट घट्ट पकडलं. ताईही मधे आली.

"मामा, हात नका लावू. टॅग हाय."

"अगं, तो माणूस सिविक सेंटरला आहे! स्कूटर नाही दारात. कोणाला करंट लागणार आहे? मला? मला लागू दे!"

"त्या माणसालेही असंच वाटलं होतं," उन्नती म्हणाली. तिने माझं मनगट सोडलं नव्हतं. "नत्थूकाका बाहेर हायेत असंच वाटलं होतं."

मी हात खाली घेतला. नत्थूची हकिकत मलाही माहीत होती. सरकारी नोकरी लागण्याआधी भाऊजी एका लहानशा खाजगी मिलमध्ये होते. ती मिल कधीच बंद पडली. तिथे नत्थू त्यांचा सोबती. तो मशीनच्या आत शिरून काम करत होता आणि स्विचवर त्याचा टॅग होता. कोणीतरी त्याला बाहेर चहा पिताना बघितलं आणि आता आत कोणी नाही असं समजून टॅग काढून स्विच लावला. नत्थू चहा संपवून परत आत गेला होता. त्याच्या बायकोला, रुक्माला, निरोप सांगायला भाऊजींना पाठवलं होतं. ही एकच गोष्ट त्यांनी पोरांना लहानपणी बसवून सांगितली. बाकी काही सांगायला त्यांना वेळच मिळाला नाही.

उन्नती फोन घेऊन गच्चीवर धावली. कंपनीचा लॅपटॉप फोनच्या नेटवर चालत नाही, तसा त्यांचा नियम आहे. ती नुसत्या फोनवर मीटिंगमध्ये शिरली, उन्हात उभी राहून बोलली, माफी मागितली, तोंडी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण त्या लोकांना ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं. ती खाली आली तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं. ताईने पाणी दिलं, ते तिने तसंच हातात धरून ठेवलं. मी रागाने नुसता येरझाऱ्या घालत होतो. कोणावर रागवायचं तेच कळत नव्हतं.

भाऊजी क्लिपांची पुडी घेऊन आले. आमची तोंडं बघून दारातच थांबले. ताईने काय झालं ते सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, बोर्डपाशी गेले, टॅग काढून खिशात घातला आणि स्विच लावला. डब्यावरचे दिवे लागले.

"कावून नाही काढला?" त्यांनी पोरीला विचारलं.

"तुमचा होता, बाबा."

भाऊजी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. "बराबर केलं," म्हणाले. "तू बराबर केलं." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. त्यानंतर ते उठले, वीज पुन्हा बंद करून टॅग अडकवला आणि उरलेलं काम पुरं केलं. तिन्ही डबे चालू झाले. लाईन मागच्या खोलीत पोचली, वरच्या खोलीत पोचली, अगदी गच्चीवरच्या टाकीपाशी पोचली, आणि त्यानंतर एकदाही तुटली नाही.

काही दिवसांनी उन्नतीने घरी सांगितलं की कंपनी परत ऑफिसात बोलावते आहे. ती हो म्हणाली. घरात रडारड झाली नाही, आदळआपट झाली नाही. ताई लाडू वळायला बसली. भाऊजी पुढच्या खोलीत पेपर धरून बसायचे, पण पान उलटत नसत. मला वाटलं, या माणसाला एकदा गदागदा हलवावं आणि म्हणावं, बोला की काहीतरी! पण तेवढं माझंही धाडस झालं नाही.

ती जायची त्या दुपारी मी बॅग उचलायला म्हणून मागच्या खोलीत गेलो. ती टेबल आवरत होती. भाऊजी दाराशी उभे होते, भिंतीवरच्या तारेवर बोट फिरवत.

"आता लाईन एकदम बराबर हाय," ते म्हणाले. "त्यायले सांगून पाह्य नं. आता नाही तुटत."

उन्नतीने टेबलावरचा हेडफोन गुंडाळला. "त्यायनंच विचारलं होतं, बाबा. एक महिना और देते हैं, लाईन ठीक करवा लो म्हणे. मीच नाही म्हटलं."

मी बॅग खाली ठेवली. भाऊजींना बहुधा नीट समजलंच नाही. "तू नाही म्हटलं? कावून?"

"तुमाले किती त्रास होऊन राहिला होता माह्यामुळं. उन्हात चढून राहिले, उतरून राहिले. जेवण नाही, झोप नाही. माह्यावर चिडून राहिले. मले वाटलं, मी गेली तं तुमी सुटान एकदाचे."

"मी कधी म्हटलं व, मले सुटायचं हाय म्हणून?"

"राह्य, असंही कधी नाही म्हटलं नं बाबा."

भाऊजींनी तारेवरचं बोट काढलं. एवढी शिडी, एवढी तार, एवढ्या सिविक सेंटरच्या खेपा. त्यांना वाटत होतं की हे सगळं म्हणजे तेच म्हणणं आहे. मला कळलं होतं, ताईला कळलं होतं, आणि आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं की पोरीलाही कळलं असेल. बाहेर स्टेशनला जायची गाडी येऊन उभी राहिली. उन्नती वाकून आईच्या पाया पडली, माझ्या पडली, बापाच्या पडली. ते नुसते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे. मी बॅग गाडीत टाकली, ती आत बसली, ताईने लाडवांचा डबा तिच्या मांडीवर दिला.

तेव्हा भाऊजी अनवाणी फाटकाबाहेर आले. गाडीच्या खिडकीला दोन्ही हातांनी धरलं.

"राह्य नं बाई," ते म्हणाले. "आमच्यापाशीच राह्य."

उन्नती रडायला लागली, तीही आवाज न करता. तिने बापाच्या हातावर आपला हात ठेवला. "आता तिकडं हो म्हणून बसली नं मी," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आधी सांगजा, बाबा."

गाडीवाल्याने मागे वळून बघितलं. भाऊजींनी हात सोडले आणि गाडी निघाली.